बहिरा गुरू : रने प्रँस्तो

मूल बहिरे आहे असे कळले, की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘आता याचे कसे व्हायचे?’ तुमच्या गावातही असे एखादे लेकरू असेल. आणि गुरुजी, कदाचित तुमच्याच वर्गात ते शेवटच्या रांगेत बसत असेल. म्हणून फ्रान्समधल्या एका चित्रकाराची ही हकिकत सांगतो.

रने प्रँस्तो १८४३ साली बोर्दो शहराजवळच्या लिबूर्न गावी जन्मला, तो बहिराच. पण त्या देशात अशा मुलांच्या शिक्षणाची वाट आधीच पडली होती. आबे द लेपे नावाच्या धर्मगुरूने अठराव्या शतकातच पॅरिसला बहिऱ्यांची शाळा काढून हातांच्या खुणांनी शिकवायला आरंभ केला होता. प्रँस्तो आधी मूर्तिकला शिकला. मूर्तिकाराला हाडे-स्नायूंची ठेवण पक्की ठाऊक लागते. ती विद्या त्याला पुढे घोडे रंगविताना कामी आली. १८६८ पासून त्याची कामे पॅरिसच्या ‘सालों’ या मोठ्या प्रदर्शनात लागू लागली.

त्याच्या एका सरदार मित्राचा मुलगा होता आंरी द तुलूझ-लोत्रेक. १८७८ आणि १८७९ मध्ये या पोराच्या दोन्ही मांड्या मोडल्या. पाय पुढे वाढलेच नाहीत. घोडदौडीच्या घराण्यातला मुलगा घोड्याला मुकला. प्रँस्तोने त्याला आपल्या चित्रशाळेत घेतले, सर्कशीत नेले, धावते जनावर कसे पाहावे आणि चटकन कसे रेखावे ते दाखविले. १८८२ साली मुलगा दुसऱ्या गुरूंकडे गेला आणि पुढे जगप्रसिद्ध झाला. पण त्याचा पहिला गुरू हा बहिरा माणूस!

आता गंमत पाहा. याच सुमारास, १८८० साली, मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. शाळांतून खुणांची भाषा काढावी, मुलांना तोंडानेच बोलायला लावावे, असा तिने ठराव केला. ठराव करणारे बहुतेक सारे ऐकू येणारे होते! त्याचे परिणाम बहिऱ्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले.

१८८३ मध्ये प्रँस्तो पॅरिस सोडून लिबूर्नला परतला. तिथे त्याने बैल, नांगर, गोठे रंगविले. १९१४ साली तो वारला. त्याची चित्रे लिबूर्नच्या संग्रहालयात आहेत.

तेव्हा गुरुजी, त्या मुलाला पुढच्या रांगेत घ्या. त्याच्याकडे तोंड करून बोला, फळ्यावर काढून दाखवा, त्याच्या खुणा तुम्हीही शिका. आणि आईबापहो, ‘याचे कसे व्हायचे’ हे विचारण्याआधी, त्याला काय पाहायला आवडते, एवढे तरी विचारून पाहा.