यकृताचे दोन नळ

नांदेड-परभणीकडे पोटाचं दुखणं लांबलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘एकदा हैदराबादला दाखवून आणा.’ तिथलं गच्चीबावलीचं एआयजी रुग्णालय तर पोटाच्या विकारांसाठीच नावाजलेलं. सिऱ्होसिसच्या, म्हणजे यकृत निबर झालेल्या रुग्णाला सोनोग्राफीत यकृतावर गाठ दिसली, की तिथे एमआरआय होतो. बोगद्यात सरकल्यावर ठकठकाट सुरू होतो आणि कानात हुकूम येतो, ‘सांस रोकिए!’

या रोखलेल्या श्वासातच सगळी गंमत आहे.

यकृताला रक्ताचे दोन नळ. जवळपास तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र वाढता वाढता शिरेशी नातं तोडते आणि धमनीवरच पोसली जाते. तिथेच ती सापडते. हाताच्या शिरेत गॅडोलिनियमचं औषध सोडलं की साधारण अर्ध्या मिनिटात ते धमनीतून यकृतात पोचतं. बाकीचं यकृत अजून मंद असताना गाठ लख्ख उजळते. मिनिटभराने शिरेतूनही औषध येतं, यकृत उजळतं. तोवर गाठ विझू लागलेली असते. आधी पेटते, आधी विझते! सिऱ्होसिसच्या रुग्णात एक सेंटीमीटरहून मोठ्या गाठीची ही चाल नीट दिसली, तर बहुतेकदा सुई घालून तुकडा काढावाच लागत नाही. पण श्वासाबरोबर यकृत खालीवर होतं, आणि उजळण्याच्या त्या क्षणी ते हललं तर चित्र पुसट. म्हणून तो हुकूम.

चित्र काढतो कोण? आपल्याच अंगातलं पाणी. उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली तारेची वेटोळी ३ टेस्लाचं चुंबकत्व देतात, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट. त्यात पाण्यातले हायड्रोजनचे अणुगर्भ सुमारे १२८ मेगाहर्ट्झवर बोलू लागतात. एफएमचा काटा १०८ वर संपतो, त्याच्या थोडंसंच पुढे. म्हणजे यकृत हे काही मिनिटांपुरतं रेडिओ स्टेशनच!

 

मला मात्र सर्वांत नवल वाटतं ते गॅडोलिनियमच्याच एका औषधाचं, गॅडॉक्सेटिक आम्लाचं. ते निरोगी यकृतपेशी स्वतःच आत ओढून घेतात. बिघडलेल्या बहुतेक पेशी ही सवय विसरलेल्या असतात. वीसेक मिनिटांनी पुन्हा चित्र घेतलं, की उजळ यकृतात गाठीच्या जागी काळा खड्डा दिसतो.