हौदा हवा की डिकी?

वीकेंडला टेंट टाकायचा तर गाडी कुठली घ्यायची? शेंद्र्याच्या कँटीनमध्ये, वाळूजच्या कंपनी बसमध्ये सध्या हाच एक विषय आहे. कॅनॉटच्या चहावर तर तो रात्री अकरापर्यंत चालतो. एक पार्टी म्हणते थार, जिम्नी, गुरखा... ऑफ-रोड एसयूव्हीला पर्याय नाही. दुसरी म्हणते, बॉस, खरी कूल गाडी म्हणजे पिकअप! मागे सामान फेका आणि सुटा.

गाड्यांच्या बाबतीत आपलं शहर तसंही हटकेच. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, तेव्हा औरंगाबादचं नाव देशभरात गाजलं होतं. पण ती मंडळी वेगळी. आपण ईएमआयवाले. आपल्याला एकच गाडी घ्यायची असते आणि तिनेच सोमवारी ऑफिस, बुधवारी दवाखाना आणि शनिवारी भंडारदरा करायचं असतं.

माझं गणित आणखी थोडं अवघड होतं. सिडकोतल्या आमच्या रो-हाऊसवर वरचा मजला चढवायचा म्हणून चार वर्षं पैसे साठवलेले. त्यातलेच काढून गाडीचं डाउन पेमेंट करायचं होतं. बायको म्हणाली, ‘‘मजला लांबणीवर टाकायला माझी ना नाही, पण मग गाडीत सगळे बसले पाहिजेत.’’ सगळे म्हणजे आम्ही दोघं, चार वर्षांची लेक आणि माझे बाबा. आई कॅम्पिंगला येणार नाही. तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलंय की चांगलं घर सोडून रानात झोपायला ती काही वनवासाला निघालेली नाही.

बाबांची गोष्ट वेगळी. ते पाटबंधारे खात्यात जीप चालवायचे. जायकवाडीच्या कालव्यांवर साहेबांना घेऊन फिरताना कित्येक रात्री जीपमध्येच काढल्या, त्याला तेव्हा कुणी कॅम्पिंग म्हणत नव्हतं. आता गुडघे गेलेत. पण ‘एकदा रात्रीचा नाथसागर बघायचाय’ हे गेली दोन वर्षं ऐकतोय. त्यामुळे माझ्यासाठी हा नुसता ‘ही भारी की ती भारी’ असा प्रश्न नव्हता.

आधी पिकअपची बाजू, कारण तिच्यावर आपल्याकडे उगाच अन्याय होतो. घरात नुसता शब्द काढला तर आई म्हणाली, ‘‘आता भाजीपाला वाहणार का?’’ तिचंही चूक नाही. मराठवाड्यात पिकअप म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लासूरच्या बाजारात निघालेला कांदा, नाहीतर वरातीतला डीजे. पण बोलेरो पिकअप आणि बोलेरो कॅम्पर ही एक जात, इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स ही दुसरी. पहिल्या जातीची नोंदणी मालवाहू म्हणून होते. पिवळी नंबर प्लेट, परमिटची भानगड आणि ताशी ८० च्या पुढे जाऊ न देणारा वेगमर्यादक. दुसरी जात पांढऱ्या पाटीची, पाच माणसांची, खासगी. व्ही-क्रॉस भारतात २०१६ मध्ये आली तेव्हा १२.४९ लाखांना होती. हायलक्स २०२२ मध्ये आली तीच ३३.९९ लाखांना! (दोन्ही एक्स-शोरूम.) त्याआधी महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटाची झेनॉन येऊन गेल्या, पण आपण त्यांना भाव दिला नाही.

माझ्या एका मित्राने अशीच पांढऱ्या पाटीची पिकअप घेतली. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं मित्र ती घेऊन काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो. शिर्डीपर्यंत समृद्धी, पुढे अकोले, राजूर. सामान भरतानाच मी पिकअपच्या प्रेमात पडलो. दोन टेंट, गादीच्या वळकट्या, शेगडी, कोळशाचं पोतं, वीस-वीस लिटरचे चार जार... सगळं हौद्यात टाकलं, फाळका लावला, विषय संपला! कॅम्पिंगमध्ये सगळ्यात जड वस्तू पाणी असते. चार जार म्हणजे ऐंशी किलो, एक अख्खा माणूस. आठवडा-आठवडा नळाची वाट बघितलेल्या शहरातल्या पोरांना जास्तीचं पाणी सोबत घ्या हे सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस आला आणि पिकअपचा खरा फायदा कळला. भिजलेला टेंट, चिखलाचे बूट, काळी पडलेली भांडी हे सगळं मागे गेलं आणि आम्ही कोरड्या, बिनवासाच्या केबिनमध्ये बसून परत आलो. डिकीवाल्यांना हे सुख नाही. त्यांची गाडी पुढचे आठ दिवस ओल्या कुत्र्यासारखी वास मारते.

आता दुसरी बाजू. हौदा उघडा असतो. पाऊस वरून येतो आणि मुरुमाच्या रस्त्याची धूळ मागून. ताडपत्री बांधायला यावी लागते. नुसती टाकून चालत नाही, ती वाऱ्याने फुगते आणि सगळा प्रवास फडफडते. ढाब्यावर जेवायला बसलं की एकाचं लक्ष ताटात, तिघांचं हौद्यावर. वर पक्कं झाकण किंवा कॅनोपी बसवता येते, पण त्याचे पैसे वेगळे. शिवाय गाडीत कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला कायद्याने आडकाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तसा निकालच दिलाय. म्हणजे काहीही बसवण्याआधी आरटीओत विचारणं आलं. आणि हौद्यात झोपायचं रोमँटिक स्वप्न असेल, तर टेप घेऊन जा. हौदा साधारण दीड मीटर लांब असतो. पाच फुटांपेक्षा उंच माणसाने एकतर फाळका उघडा टाकून पाय बाहेर सोडायचे, नाहीतर जिलबीसारखं झोपायचं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मागचे पाटे. पिकअपला मागे लीफ स्प्रिंग असतात आणि ते वजन पेलायला केलेले असतात. सामान भरलं की गाडी शहाण्यासारखी चालते. रिकामी असली की उडते. आमच्या जाफर गेटकडच्या गॅरेजवाल्या चाचांनी एका वाक्यात निकाल लावला : ‘‘भाई, खाली पिकअप और भूखा घोडा, दोनों कूदते.’’ ऑफिसला एकटा जाणारा माणूस वर्षातले तीनशे दिवस रिकामी पिकअपच चालवणार ना? मागची चाकं हलकी असल्यामुळे ओल्या रस्त्यावर ती घसरायचीही तयारी ठेवतात. उपाय सोपा आहे : हौद्यात मागच्या ॲक्सलच्या वर वाळूची दोन पोती बांधून ठेवायची. पण मग डिझेल वाळू फिरवण्यात जातं.

राहिली लांबी. हायलक्स ५३२५ मिलिमीटर, म्हणजे साडेसतरा फूट. आमचा पोर्च मी मोजला, सोळा फूट. थार रॉक्स साडेचौदा फूट, जिम्नी तेरा. हायलक्सचं नाक पोर्चमध्ये घातलं तर शेपूट गल्लीत, आणि गल्लीत समोरच्या काकांची स्विफ्ट! तोच त्रास पाणंद रस्त्यावर होतो. दोन्ही बाजूंना बांध, मध्ये बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि समोरून ट्रॅक्टर. अशा ठिकाणी छोटी गाडी दोन फेऱ्यांत वळते, लांब गाडी पाच फेऱ्या घेते आणि ओढ्यातून वर चढताना मागचं टोक घासते.

मग एसयूव्ही जिंकली? थांबा. एसयूव्हीतही दोन पोटजाती आहेत. तीन दारांची थार (२०२० ची) चढायला जबरदस्त : जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जाईल असं कंपनी सांगते. पण मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं आणि मागच्या सीटमागे सामानाला जागा म्हणाल तर जवळपास नाहीच. दोघांच्या भटकंतीला एक नंबर. चौघं आणि टेंट असतील तर टेंट मांडीवर. पाच दारांची जिम्नी २०२३ मध्ये आली, सुरुवात १२.७४ लाख. वजन बाराशे किलोच्या आसपास म्हणजे या जमातीत पिसासारखं, आणि फोर बाय फोर प्रत्येक मॉडेलला. पण डिकी २०८ लिटर. जारच्या हिशेबात सांगतो : दोन जार, एक टेंट, संपलं. तिची एक गंमत मात्र आवडली. पुढच्या सीटा पूर्ण पाडल्या की त्या मागच्या सीटला जाऊन भिडतात आणि आत आडवं होता येतं. थार रॉक्स २०२४ ची. डिकी ४४७ लिटर, मागे माणसासारखं बसता येतं, पण फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये आणि ते आलं तेव्हाच १८.७९ लाखांपासून होतं.

इतके आकडे पाठ झाल्यावर गंमत कळते की खरा खेळ या आकड्यांत नाहीच. तो आपल्या मातीत आहे.

लडाखचे व्हिडिओ बघून गाडी ठरवणाऱ्यांना मराठवाड्याची काळी माती माहीत नसते. उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसात ती लोण्यासारखी. ती नुसती घसरत नाही, चिकटते. टायरच्या खाचा भरून जातात, दहा फुटांत टायरचा गुळगुळीत लाडू होतो आणि मग चारही चाकं फिरली तरी गाडी जागच्या जागी. सप्टेंबरमध्ये मावसभावाच्या तीन दारांच्या गाडीतून आम्ही नागापूरकडून अंतूरच्या किल्ल्याला निघालो होतो. बाबा पुढच्या सीटवर. किल्ल्याच्या कच्च्या रस्त्याला लागायच्या आधीच, शेताकडेच्या एका वळणावर गाडी निम्म्या चाकापर्यंत बसली. फोर बाय फोर लो लावून झालं, पुढे-मागे झालं. बाबा शांतपणे खाली उतरले, टायरकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘गाडी कशाला ताणतो? टायर रोडचे आहेत तुझे. हवा कमी कर आणि दगड टाक.’’ हवा काढली, चाकांखाली दगड रचले, अर्धी गाडी बाहेर आली. उरलेली अर्धी बाहेर काढली ती शेजारच्या शेतातल्या ट्रॅक्टरने. पैसे घेईनात, चहा मात्र त्यांनीच पाजला. तिथून पुढे किल्ल्यापर्यंत आम्ही चालत गेलो आणि बाबा गाडीच्या सावलीत त्या ट्रॅक्टरवाल्याशी कालव्याच्या पाळीवर बोलत बसले.

तेव्हा ठरलं की बजेट गाडीवर उडवायचं नाही. त्यातून ऑल-टेरेन टायर, हवेचा पंप, टायर गेज आणि एक चांगला ओढदोर यांचे पैसे बाजूला काढायचे. दोर बंपरला नाही, गाडीच्या हुकालाच बांधायचा, हे वेगळं सांगायला नको. हवा कमी केली असेल तर डांबरावर येण्याआधी पुन्हा भरायची. समृद्धीवर १२० च्या वेगात मऊ टायर म्हणजे आपल्या हाताने ओढवून घेतलेलं संकट.

बाय द वे, एक गोष्ट दोन्ही पार्ट्यांना. गौताळा १९८६ पासून अभयारण्य आहे आणि नाथसागरही पक्षी अभयारण्य. फोर बाय फोर आहे म्हणून कुठेही गाडी घालायचा परवाना मिळत नाही. मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते, नाहीतर शेतकऱ्याला विचारून त्याच्या रानात टेंट टाकायचा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. लांबून ते मस्त मोकळं मैदान दिसतं. ते कुणाचं तरी टरबूज असतं. रील करायला तिथे गोल-गोल गाडी फिरवणारे दिसले की मला ट्रॅक्टर उलटा न्यावासा वाटतो.

तर माझा निकाल. दोघंच असाल, पोर्च मोठा असेल, तीन-चार दिवस मुक्काम ठोकायची सवय असेल, सायकली, दुर्बीण, होडी असलं काही वाहायचं असेल, तर पांढऱ्या पाटीची पिकअप घ्या आणि आईला भाजीच्या पहिल्या फेरीला बसवून आणा. घरात लहान मूल आणि गुडघेदुखी असेल तर पाच दारं हवीतच. गाडी एकच असेल तर आणखीच हवीत. आम्ही शोरूममध्ये बाबांना प्रत्येक गाडीत तीनदा चढायला आणि तीनदा उतरायला लावलं. सेल्समन पोरगा हसत होता, पण माझ्यासाठी तीच टेस्ट ड्राइव्ह होती. पिकअपला पायरी होती, तरी मागची पाठ इतकी सरळ की बाबा म्हणाले, ‘‘शाळेत बसल्यासारखं वाटतंय.’’

पाच दारांची रॉक्स बुक केली. फोर बाय फोर, डिझेल. वरचा मजला दोन वर्षं पुढे गेला. बायकोने तो करार कागदावर लिहून घेतलाय, सहीसकट. डिकीत चारऐवजी दोनच जार मावतात. बाकीचे दोन पिकअपवाल्या मित्राच्या हौद्यात जाणार, त्याबदल्यात पाऊस आला की त्याची गादी आमच्या डिकीत. बाबांनी पैठणच्या अलीकडचं एक शेत सांगून ठेवलंय. त्यांच्या खात्यातल्या जुन्या सोबत्याचं, पाण्यापासून लांब, मुरमाड जमिनीचं. फक्त त्यांची अट आहे : टेंट नाही, बाज न्यायची. आता ती बाज रॉक्सच्या टपावर बांधायची की मित्राच्या हौद्यात टाकायची, यावर कॅनॉटला पुन्हा अकरा वाजताहेत.