विशीत कॉकपिट, मग पुढे?

भारतीय वायुदलाचा वैमानिक लवकर घडायला लागतो. खडकवासल्याच्या एनडीएत प्रवेश साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात, २०२२पासून मुलींनाही. पदवीनंतर एएफकॅट ही वायुदलाची प्रवेशपरीक्षा देणाऱ्यांना मर्यादा २० ते २४.

निवडीतली एक अट फार कठोर आहे. वैमानिकाची अभियोग्यता चाचणी एकदा नापास झालात, की वायुदलातल्या कॉकपिटचं दार कायमचं बंद. पुन्हा संधी नाही. हे अकरावी-बारावीतच मुलांच्या कानावर घालायला हवं. पुष्कळांना ते चाचणीच्या तोंडावर कळतं.

पहिला हात बसतो पिलाटस विमानावर, हैदराबादजवळच्या दुंडिगलला. मग वाटा फुटतात: लढाऊ, मालवाहू किंवा हेलिकॉप्टर. लढाऊ विमानांची वाट बीदरच्या ‘हॉक’वरून जाते. कमिशननंतर सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, तेरा वर्षांनी विंग कमांडर. म्हणजे चाळिशीच्या आतच. त्यावरच्या बढत्या निवडीने मिळतात आणि उड्डाणं कमी होत फायली वाढतात. शॉर्ट सर्व्हिसची १४ वर्षं तर चाळिशीच्या आधीच संपतात, तेव्हा अनेकजण नागरी विमानांकडे वळतात.

राकेश शर्मांचा आलेख पाहा: १९६६ला एनडीए, १९७०ला कमिशन, पुढच्याच वर्षी युद्धात मिग-२१, पस्तिसाव्या वर्षी अंतराळ, आणि १९८७पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक.