विश्लेषण : मातीच्या भांड्यावर समुद्राचा निळा रंग येतो कसा? खान्देशच्या मातीत तो उतरू शकतो का?

शिंपल्याच्या आकाराच्या बशा, लाटेसारखी निळी-हिरवी छटा उतरलेले मग, ओल्या वाळूसारखे ठिपके असलेले वाडगे. समुद्रकिनाऱ्याच्या रंगांतली अशी हाताने घडवलेली भांडी आता मोबाइलवर सहज दिसतात आणि घरपोच मागवताही येतात. जळगाव-धुळ्याला समुद्र नाही, पण कुंभाराचे चाक आहे आणि भट्टीही आहे. मग ही भांडी आपल्याकडच्या माठाच्या मातीत बनतील का? त्यांचा रंग धुऊन का जात नाही? आणि त्यात कैरीचे लोणचे ठेवावे का?

हा रंग म्हणजे नेमके काय?

या भांड्यांवरचा रंग हा रंगारी वापरतो तसा रंग नसतो. तो काचेचा पातळ थर असतो. त्याला ग्लेझ किंवा झिलई म्हणतात. काचेचा मूळ घटक सिलिका, म्हणजे गारगोटीची पूड. ती एकटी वितळवायची तर सुमारे १,७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. एवढी उष्णता साध्या भट्टीत मिळत नाही. म्हणून तिच्यात सोडा, पोटॅश, चुना, बोरॉन किंवा फेल्डस्पार यांसारखे पदार्थ मिसळतात. त्यांच्यामुळे सिलिका कमी तापमानाला वितळते. वितळलेली काच उभ्या भांड्यावरून ओघळू नये म्हणून त्यात अॅल्युमिना हवे. ते चिनी मातीतून मिळते.

हे सारे बारीक दळून पाण्यात कालवले की ताकासारखे पातळ मिश्रण तयार होते. एकदा भाजलेले भांडे त्यात बुडवून काढायचे आणि पुन्हा भट्टीत ठेवायचे. कच्चे मिश्रण पांढरट किंवा करड्या रंगाचे दिसते. खरा रंग भट्टी थंड करून उघडल्यावरच कळतो. हा रंग भांड्याला चिकटवलेला नसून काचेतच विरघळलेला असतो, म्हणून तो घासून जात नाही.

निळा, हिरवा आणि फेसाचा पांढरा कशातून येतो?

हे रंग धातूंच्या ऑक्साइडमधून येतात. कोबाल्टने गडद निळा येतो. त्याचे प्रमाण फार थोडे लागते. एक किलो कोरड्या ग्लेझमध्ये दहा ग्रॅम कोबाल्ट ऑक्साइडही गर्द निळ्यासाठी पुरते. तांब्याचे वागणे मात्र ग्लेझवर ठरते. नेहमीच्या ग्लेझमध्ये ते हिरवे दिसते, तर सोडा-पोटॅश भरपूर असलेल्या ग्लेझमध्ये उथळ समुद्रासारखे फिरोजी होते. भट्टीत हवा कमी ठेवली तर तेच तांबे लालही होऊ शकते. लोखंडातून मधाळ पिवळा, तपकिरी आणि काळा असे रंग मिळतात. मँगनीज जांभळट तपकिरी छटा देते.

लाटेच्या फेसासाठी कथिल किंवा झिर्कोनियम असलेले अपारदर्शक पांढरे ग्लेझ वापरतात. ते निळ्याच्या कडेवर दिले की दोन्ही थर वितळताना एकमेकांत सरकतात आणि किनाऱ्यावरच्या फेसासारखी अस्पष्ट रेघ उमटते. वाळूचा भास होण्यासाठी मातीतच लोह किंवा मँगनीजचे बारीक कण मिसळतात. भाजताना ते वर येऊन ठिपके सोडतात.

माठाच्या मातीवर ही झिलई का चालत नाही?

खान्देशातील बरीच जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली काळी कपाशीची जमीन आहे. तिच्यातील चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा हा त्याचाच परिणाम. म्हणून कुंभार नदी-तळ्याकाठचा गाळ निवडतात आणि त्यात राख, लीद किंवा भुसा मिसळतात. ही माती साधारण ७०० ते ९०० अंशांत भाजली जाते. तिच्यातील लोहामुळे भांडे लाल होते, धूर कोंडला तर काळे.

एवढ्या आचेत माती कडक होते, पण तिची छिद्रे बुजत नाहीत. हा दोष नाही. छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेरच्या कोरड्या हवेत त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा माठ कामाला येतो तो याच कारणाने. आखाजीला पितरांसाठी भरली जाणारी घागरही याच मातीची. खान्देशी मांडे ज्या खापरावर भाजतात, ते थेट आचेवर ठेवले तरी तडकत नाही. सच्छिद्र मातीला उष्णतेचा धक्का पचवता येतो. माठाला काचेचा थर दिला तर तो पाणी गार करणार नाही आणि झिलई दिलेली नेहमीची बशी खापरासारखी चुलीवर ठेवली तर फुटेल.

याच्या उलट गुणांचे भांडेही खान्देशातील घराघरांत आहे. ते म्हणजे लोणच्याची बरणी. बरणी स्टोनवेअर प्रकारची असते. तिची माती साधारण १,२०० अंशांच्या वर भाजलेली असते आणि तिच्यात पाणी जवळजवळ मुरत नाही. समुद्राच्या रंगांचे बहुतेक मग आणि वाडगे माठाच्या नव्हे, या बरणीच्या जातकुळीतले असतात. माठाची लोहयुक्त माती एवढ्या आचेत टिकत नाही. ती फुगते, वाकते किंवा वितळू लागते.

मग खान्देशात अशी भांडी बनवता येतील का?

येतील. पण त्यासाठी माती, भट्टी आणि वेळापत्रक बदलावे लागेल. स्टोनवेअरची तयार माती किंवा तिच्यासाठी लागणारी चिनी माती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड बाहेरून आणावी लागते. गुजरात आणि राजस्थानात या खनिजांचा मोठा व्यापार आहे. मोरबी-वांकानेर हा टाइलचा, तर थानगढ हा सिरॅमिक वस्तूंचा जुना पट्टा. गुजरातची सीमा धुळ्यापासून लांब नाही.

भट्टी मात्र गॅसची किंवा विजेची हवी. तिच्यात तापमान टप्प्याटप्प्याने चढवता आले पाहिजे. पहिली भाजणी साधारण ९५० ते १,००० अंशांची, दुसरी ग्लेझची १,२०० ते १,२५० अंशांची. ५७३ अंशांजवळ गारगोटीच्या कणांची रचना बदलते आणि ते अचानक प्रसरण पावतात. त्या टप्प्यावर घाई केली तर भांडे तडकते. एक भाजणी आठ-दहा तास चालते आणि भट्टी थंड व्हायला त्याहून अधिक वेळ लागतो. वीज मध्येच गेली तर अख्खी खेप बिघडू शकते.

खान्देशातील कोरडा उन्हाळा ही आणखी एक अडचण. वाऱ्याच्या बाजूची कड लवकर वाळते, तळ ओला राहतो आणि भांड्याला चीर जाते. म्हणून घडवलेले भांडे प्लास्टिकखाली किंवा ओल्या गोणपाटाच्या आडोशाला सावकाश वाळवावे लागते. शिवाय ओल्या मातीपासून अंतिम भाजणीपर्यंत स्टोनवेअर साधारण १० ते १३ टक्के आक्रसते. दहा सेंटिमीटर उंचीचा मग हवा असेल तर तो साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास घडवावा लागतो.

कमी आचेचा पर्याय आहे का? जयपूरची ‘ब्लू पॉटरी’ हे त्याचे उदाहरण. तिच्यात नेहमीची माती नसते. गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती आणि डिंक यांचा लगदा साच्यात दाबून भांडे करतात आणि ते साधारण ८०० ते ८५० अंशांत भाजतात. तिचा फिरोजी रंग सुरेख, पण भांडे नाजूक. म्हणून शोभेच्या वस्तू, टाइल आणि दाराच्या मुठी यांसाठी ते अधिक योग्य.

शिंपले, वाळू आणि मीठ थेट वापरता येते का?

शिंपल्याचा ठसा ओल्या मातीवर उत्तम उमटतो. पण त्याचा तुकडा मातीत राहिला तर घात होतो. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. भांडे बाहेर आल्यावर तो हवेतील ओलावा शोषून फुगतो आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, भांड्याचा टवका उडतो. नदीच्या गाळात चुनखडीचे खडे राहिले तर माठालाही हेच होते. माती चाळण्याला कुंभार एवढे महत्त्व देतात ते उगाच नव्हे.

मिठाचा उपयोग मात्र शतकानुशतके होत आला आहे. सुमारे १,२५० अंशांच्या भट्टीत मीठ टाकले की त्यातील सोडियमची वाफ मातीतील सिलिकाशी जोडली जाते आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत चकचकीत थर बसतो. जर्मनीतील ऱ्हाइन खोऱ्यात ही पद्धत मध्ययुगापासून होती. आपल्याकडचे सांडपाण्याचे जुने तपकिरी पाइपही असेच झिलई केलेले. मात्र या भाजणीत हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. वस्तीत हा प्रयोग करू नये.

या रंगांशी अजिंठ्याचे काय नाते?

तापी-गिरणेच्या खोऱ्यात रंगवलेली भांडी नवीन नाहीत. चाळीसगाव तालुक्यातील बहाळ, साक्री तालुक्यातील कावठे आणि पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेले प्रकाशे येथील उत्खननांत ताम्रपाषाण काळातील चित्रित भांडी सापडली. मात्र ते रंग मातीचे आणि लोहाचे, म्हणजे लाल, काळे आणि तपकिरी. त्यांवर काचेचा थर नव्हता.

निळ्या-हिरव्या झिलईची गाठ या परिसराशी पडली ती १९ व्या शतकात, मुंबईत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात कुंभारकामाची शाखा सुरू झाली. झिलईची पद्धत सिंधमधील कुंभारांची होती आणि नक्षीसाठी अजिंठ्याच्या चित्रांतील आकृतीही वापरल्या गेल्या. त्याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे.चे विद्यार्थी अजिंठ्यात चित्रांच्या प्रतिकृती करत होते. अजिंठा आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असला तरी त्याची रेल्वेची वाट जळगाववरून जाते. त्याआधी चित्रांच्या प्रतिकृती करणारे मेजर रॉबर्ट गिल यांची कबर तर भुसावळला आहे. ‘बॉम्बे पॉटरी’ म्हणून ओळखली गेलेली ती भांडी मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. म्हणजे माती, झिलई आणि नक्षी तीन ठिकाणांहून आणून नवे भांडे घडवणे महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वीच करून पाहिले आहे.

ही भांडी जेवणासाठी सुरक्षित असतात का?

नीट भाजलेले, शिसेमुक्त ग्लेझचे स्टोनवेअर सुरक्षित असते. धोका स्वस्त, कमी आचेवर भाजलेल्या चकचकीत भांड्यांत अधिक. झिलई लवकर वितळावी म्हणून त्यांत शिसे वापरलेले असू शकते. भडक लाल, केशरी आणि पिवळ्या रंगांत कॅडमियमही असू शकते. कैरी, चिंच, लिंबू, ताक, व्हिनेगर अशा आंबट पदार्थांत हे धातू उतरतात. शिशाच्या ग्लेझमध्ये तांब्याचा हिरवा रंग असेल तर शिसे अधिकच सुटते. रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक.

खरेदी करताना तीन गोष्टी विचाराव्यात : भांडे किती अंशांत भाजले, ग्लेझ शिसेमुक्त आहे का आणि त्याचा चाचणी अहवाल आहे का. उत्तर मिळाले नाही तर भांडे शोभेसाठी ठेवावे. आतल्या बाजूला केसासारख्या बारीक भेगांचे जाळे असेल तर त्यात लोणचे किंवा ताक ठेवू नये. ‘समुद्राचे पाणी’ दिसावे म्हणून तळाशी काचेचे तुकडे वितळवलेल्या बशांत ही जाळी हमखास दिसते. लिंबाची फोड रात्रभर ठेवून रंग उतरतो का हे घरी पाहता येते. रंग उतरला तर ग्लेझ कच्चे आहे हे नक्की. पण रंग टिकला म्हणून शिसे नाही, असे मात्र म्हणता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

स्थानिक कुंभारांसाठी यात संधी किती?

माठाचा धंदा उन्हाळ्यापुरता, पणत्यांचा दिवाळीपुरता. मग आणि वाडगे मात्र वर्षभर विकले जातात. एका मगाला मिळणारी किंमतही माठापेक्षा जास्त असू शकते. पण खर्चही तसाच आहे. दोन भाजण्या, बाहेरून आणलेली माती, महाग कोबाल्ट आणि दर खेपेला होणारी फूट त्या किमतीत धरावी लागते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. त्यात प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळते. १५ हजारांत विजेवरचे चाक येऊ शकते, स्टोनवेअरची भट्टी येत नाही. तिच्यासाठी कर्जच काढावे लागेल किंवा चार-पाच कुटुंबांनी मिळून एक भट्टी घ्यावी लागेल. ग्लेझ शिकायचे तर पुद्दुचेरीत १९७१ मध्ये सुरू झालेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीसारख्या ठिकाणांहून तयार झालेले कलावंत देशभर आहेत. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या ग्रामोदय संघाला ग्रामीण कुंभारकामाची जुनी परंपरा आहे.

चाकावरचा हात खान्देशातील कुंभाराकडे आधीच आहे आणि तो शिकायलाच सर्वाधिक वर्षे लागतात. नवे शिकायचे ते भट्टीचे आणि झिलईचे गणित. ते जमेपर्यंत सुरुवात फुलदाणी, कुंडी किंवा टाइलपासून करणे शहाणपणाचे. ताटातली भांडी चाचणीचा अहवाल हाती आल्यावर.