ताफ्यामागचा टँकर

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर क्षेपणास्त्रे डागणाऱ्या निपात, निर्घात आणि वीर या बोटींची नावे दर नौदल दिनाला घेतली जातात. त्यांच्या सोबतीच्या किल्तान आणि कच्छलचाही अधूनमधून उल्लेख होतो. त्याच मोहिमेवर निघालेल्या ‘पोषक’ची आठवण मात्र कुणाला राहत नाही. पोषक हा तेलाचा टँकर होता. क्षेपणास्त्र बोटी वेगवान खऱ्या, पण मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या. लांबची मजल हे त्यांचे काम नव्हते, म्हणून मोहिमेच्या आखणीत तेलाचा हिशेब आधी मांडावा लागला.

हा हिशेब आपल्याकडे बरीच वर्षे परदेशी गोद्यांच्या भरवशावर चालला. १९६७ मध्ये नौदलात आलेला पहिला ‘दीपक’ आणि पुढच्या दशकातला ‘शक्ती’ हे दोन्ही टँकर जर्मनीतल्या ब्रेमर वुल्कानने बांधले. १९९६ मध्ये पहिला दीपक निवृत्त झाला, त्याच वर्षी रशियातून ‘ज्योती’ आला. ‘आदित्य’ तेवढा आपला, कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधलेला. १९९३ मध्ये त्याचे जलावतरण झाले आणि नौदलात दाखल व्हायला २००० सालचा एप्रिल उजाडला. मधल्या सात वर्षांत विनाशिका आणि पाणबुड्यांवर चर्चा झडत राहिल्या. टँकर रखडला म्हणून कुणी आवाज उठवल्याचे आठवत नाही.

तरी प्रसंग आला की हीच जहाजे हाताशी लागतात. २००४ च्या त्सुनामीनंतर मालदीवच्या मदतीला गेलेल्या जहाजांत आदित्य होता. जुलै २००६ मध्ये लेबनॉनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा भूमध्य समुद्राच्या दौऱ्यावरून परतणाऱ्या चार भारतीय जहाजांना बैरूतकडे वळवले गेले. मुंबई, ब्रह्मपुत्र आणि बेतवा या युद्धनौकांबरोबर त्यात म्हातारा शक्तीही होता. पुढच्याच वर्षी तो निवृत्त झाला. या ‘ऑपरेशन सुकून’मध्ये लेबनॉनमधून २,२८० माणसे बाहेर काढली गेली, त्यांत श्रीलंकेचे आणि नेपाळचे नागरिकही होते. घरापासून इतक्या लांब असलेल्या ताफ्याला पुढचे बंदर कुठे, ही चिंता फारशी पडली नाही, कारण तेलाची टाकी बरोबरच चालत होती.

सध्याचा दीपक इटलीच्या फिनकांतिएरीचा. २००८ मध्ये करार झाला आणि २१ जानेवारी २०११ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या उपस्थितीत तो ताफ्यात आला. आदित्यच्या मानाने हा वेग थक्क करणारा. पण त्यालाही गालबोट लागले. निविदेत युद्धनौकांच्या दर्जाचे पोलाद मागितले असताना व्यापारी जहाजांच्या दर्जाचे स्वीकारले, असा आक्षेप कॅगने घेतला. लांबी १७५ मीटर, पूर्ण भारासह वजन २७,५०० टन, गळती होऊन समुद्र खराब होऊ नये म्हणून दुहेरी कवच आणि तासाला १,५०० टन तेल सोडणारे पंप, असा त्याचा संसार आहे.

उरणच्या मोऱ्याहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे लाँचने जाताना एखाद्या दिवशी असे जहाज नजरेस पडते. डेकवर तोफांच्या जागी उंच खांब, तुळया आणि होज टांगलेल्या दिसतात, म्हणून ते नौदलाचे वाटतच नाही. उरणकरांना नौदल माहीत आहे ते करंजाच्या शस्त्रागाराने आणि त्याभोवतीच्या सेफ्टी झोनमुळे वर्षानुवर्षे रखडलेल्या घरांच्या प्रश्नाने. दारूगोळ्याची रसद खाडीच्या अलीकडे आणि गोदी पलीकडे, अशी या बंदराची वाटणी आहे.

या टँकरचे खरे काम मात्र बंदरात दिसत नाही. भर समुद्रात दोन जहाजे शेजारी शेजारी, तीस-चाळीस मीटरचे अंतर ठेवून एकाच वेगाने चालवायची. एका जहाजावरून बंदुकीने बारीक दोरी पलीकडे फेकतात, तिच्या मागून जाड दोर, मग पोलादी तार आणि त्या तारेवरून सरकत जाणारी होज. दोन्ही जहाजांमध्ये अंतर मोजायची एक दोरीही ताणलेली असते. तिच्यावर ठरावीक अंतरावर निशाणे बांधलेली, आणि ब्रिजवरच्या अधिकाऱ्याचा डोळा तिच्यावरच. दोन जहाजांमध्ये कोंडलेले पाणी जोरात वाहते आणि जहाजे एकमेकांकडे ओढली जातात, म्हणून सुकाणू धरणाऱ्याला अर्ध्या अंशाचीही चूक महागात पडते. काही बिनसलेच तर होज सोडून लगेच अलग व्हायचे, ही कवायत आधीच घोटून घेतलेली असते. हे रात्री, दिवे मंद ठेवूनही करतात.

रशियातून निघालेली विमानवाहू नौका विक्रमादित्य जानेवारी २०१४ मध्ये कारवारला पोहोचली. त्या लांबच्या प्रवासात त्रिकंद फ्रिगेटबरोबर दीपकही तिच्या सोबतीला होता. पण लोकांच्या तोंडी दीपकचे नाव आले ते तेलामुळे नव्हे. ४ डिसेंबर २०१४ रोजी, म्हणजे नेमक्या नौदल दिनी, मालदीवच्या राजधानीत, मालेच्या पाणीपुरवठा कंपनीत आग लागली आणि लाखभर वस्तीच्या त्या बेटावर नळ कोरडे पडले. आधी सुकन्या हे गस्ती जहाज पोहोचले. मागोमाग मुंबईहून निघालेला दीपक सुमारे हजार टन गोडे पाणी घेऊन गेला. समुद्राचे पाणी गोडे करण्याची यंत्रणा जहाजावर होतीच. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळच्या महापुरातही तो ८०० टन पाणी आणि शिधा घेऊन कोचीला लागला. सगळीकडे पाणीच पाणी, आणि प्यायला मात्र मुंबईहून जहाज.

ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डशी पाच नव्या पुरवठा जहाजांचा सुमारे १९,००० कोटींचा करार झाला. प्रत्येक जहाज ४४,००० टनांचे, म्हणजे दीपकच्या दीडपटीहून मोठे. एप्रिल २०२४ मध्ये पहिल्या जहाजाच्या पोलादाचे कापकाम सुरू झाले. विमानवाहू नौका दोन झाल्या, सागरी चाचेगिरीविरुद्धच्या गस्ती एडनच्या आखातापर्यंत गेल्या, आणि एवढ्या पसाऱ्याला टँकर चारच. दीपक, नवा शक्ती, ज्योती, आदित्य. यांपैकी एक गोदीत दुरुस्तीला गेला की ताफ्याची मजल तेवढी आखडते. विशाखापट्टणमची गोदी या वेळी आदित्यसारखी सात वर्षे लावणार नाही, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. तारखांवर लक्ष मात्र ठेवलेले बरे.