पिनबॉल की व्हिडिओ गेम: यंत्र घरी आणण्याआधी

अमेरिकेतल्या अनेक घरांच्या तळघरात किंवा गॅरेजमध्ये आजही नाणं टाकून चालवायची जुनी यंत्रं दिसतात. कुणाकडे उभ्या लाकडी कपाटातला व्हिडिओ गेम असतो, कुणाकडे चार पायांवर उभं, वर काच असलेलं पिनबॉल. बारमध्ये आणि बोलिंगच्या हॉलमध्ये ही दोन्ही एकेकाळी शेजारी शेजारी उभी असत. त्यामुळे जमवायला निघालेल्या माणसाला ती एकाच छंदाची दोन रूपं वाटतात. पण दोघांची दुखणी वेगळी, औषधं वेगळी आणि मालकाकडून अपेक्षाही वेगळ्या. म्हणून पैसे देण्याआधी दोघांच्या आत नीट डोकावून बघावं.

आधी व्हिडिओ गेम, कारण तो समजायला सोपा. पॅकमॅनच घेऊ. जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी तो रचला. १९८० साली तो आला आणि अमेरिकेत शिकागोच्या मिडवे कंपनीने बनवून विकला. मागची फळी काढली की पहिल्यांदा जाणवतो तो रिकामेपणा. वर पिक्चर ट्यूब, एक सर्किट बोर्ड, तळाशी ट्रान्सफॉर्मर आणि या सगळ्यांना जोडणारी वायरींची जुडी, बस. जॉयस्टिक डावीकडे ढकलली की तिच्याखाली धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात. झेड-८० प्रोसेसर ते ओळखतो, भुतं कुठे आहेत, ठिपके किती उरले याचा हिशेब करतो, आणि पडद्यावर सेकंदाला साठ वेळा चित्र उमटतं. खेळणाऱ्याच्या हाताने खरोखर हलते ती फक्त जॉयस्टिक. बाकी सगळी आकडेमोड.

ही आकडेमोड करणारा प्रोग्रॅम चार चिपांवर मावतो. प्रत्येकीत चार किलोबाइट, म्हणजे एकूण १६ किलोबाइट. पातळी मोजायला एकच बाइट ठेवल्यामुळे २५६ व्या पातळीवर हिशेब कोलमडतो. पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं-आकड्यांच्या कचऱ्याने भरतो आणि खेळ तिथेच अडतो. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने ‘मेम’ हे सॉफ्टवेअर लोकांसमोर आणलं. जुन्या चिपांतला मजकूर ते साध्या कॉम्प्युटरवर जसाच्या तसा चालवतं. त्यावर खेळलं तरी २५६ वी पातळी अगदी तशीच मोडते. खेळ त्याच्या चुकीसकट वाचलेला आहे. कपाट कुजलं, बोर्ड जळला, तरी पॅकमॅन शिल्लक राहतो.

शिल्लक राहत नाही ती पिक्चर ट्यूब. तिच्यात इलेक्ट्रॉनचा झोत आडव्या रेघा ओढत वरून खाली येतो, सेकंदाला साडेपंधरा हजारांहून जास्त रेघा. त्यासाठी ट्यूबला २०,००० व्होल्टच्या आसपास दाब लागतो, तो ईएचटी ट्रान्सफॉर्मर पुरवतो. वर्षानुवर्षं तापून मॉनिटरच्या बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. मग चित्र कडेने वाकतं, लहरतं, आक्रसतं. बहुतेक वेळा मूठभर कपॅसिटर बदलले की चित्र पुन्हा सरळ होतं, आणि सोल्डरिंग येणाऱ्या माणसाला हे काम घरी जमतं. मात्र प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये विजेचा साठा राहतो. तो रीतसर अर्थिंगकडे सोडल्याशिवाय आत हात घालायचा नाही. जुने टीव्ही दुरुस्त करणारं कुणी ओळखीचं असेल, तर पहिली वेळ त्यांच्यासमोरच करावी.

दुसरं दुखणं जळक्या ठशाचं. तोच तो चक्रव्यूह रात्रंदिवस दिसत राहिला की त्याच्या रेघा काचेमागच्या थरावर कायमच्या उमटतात आणि यंत्र बंद असतानाही दिसतात. त्याला इलाज एकच, ट्यूब बदलणं, आणि आर्केडच्या यंत्रांसाठी नवी ट्यूब आता कुणी बनवत नाही. एलसीडी बसवता येतो, पण सगळीकडे तो चालत नाही. अटारीच्या १९७९ च्या ॲस्टेरॉइड्समध्ये झोत आडव्या रेघांनी पडदा भरत नाही, तो खडकांच्या कडा थेट रेखाटतो. गोळी म्हणजे एक ठिपका, पण काळ्या काचेवर तो इतका प्रखर उजळतो की एलसीडीवर ते तेज येतच नाही. अशा यंत्राच्या मालकाने जुन्या ट्यूबसाठी देशभर शोध घेतला, तर तो योग्यच करतो असं मी म्हणेन.

व्हिडिओ गेमची आणखी एक सोय आहे. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ साली ‘जॅमा’ नावाची ५६ टोकांची एकच जोडणी ठरवली. तेव्हापासून कपाट तेच ठेवून नुसता बोर्ड बदलला की नवा खेळ सुरू होतो. आपल्याकडच्या पार्लरमध्ये मुलं ज्याला ‘मुस्तफा’ म्हणत, तो कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स याच जोडणीवर चालणारा. घरात जागा एकाच कपाटाची असेल तर ही मोठीच सोय. अर्थात सेंटिपीडला ट्रॅकबॉल हवा, टेम्पेस्टला फिरवायची मूठ हवी. असे खेळ त्यांच्या मूळ कपाटातच शोभतात.

आता पिनबॉल. नाण्याचं दार उघडून आतला खटका सरकवला की पुढची धातूची पट्टी सुटते, काच बाहेर काढता येते आणि खेळाची फळी वर उचलून दांडीवर टेकवता येते. तिच्या खालच्या बाजूला रिकामी जागा शोधावी लागते. कॉइल, स्विच, दिवे आणि शेकडो वायरी. काचेखालचा चेंडू पोलादी, २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅम वजनाचा. फळीला साधारण साडेसहा अंशांचा उतार. चेंडू कुठे जाईल हे कुठलाही प्रोग्रॅम ठरवत नाही. ते ठरवतात उतार, रबराचा ताठपणा, लाकडाचा गुळगुळीतपणा आणि तुमची बोटं. चेंडू कशाला लागला एवढंच बोर्ड बघत असतो. आठ उभ्या आणि आठ आडव्या वायरींच्या जाळीवर ६४ स्विच बसतात, आणि प्रोसेसर ती जाळी सतत तपासत राहतो. प्रत्येक स्विचला एक छोटा डायोड असतो. तो शॉर्ट झाला तर चेंडू एकीकडे लागतो आणि गुण भलतीकडचे मिळतात.

पिनबॉलचा प्राण फ्लिपरमध्ये. १९४७ साली गॉटलिबच्या हम्प्टी डम्प्टी यंत्रावर ते पहिल्यांदा आले. त्याआधी चेंडू सोडला की यंत्राला धक्के देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हातात फारसं काही नसे. जुन्या फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची गुंडाळी जोराचा झटका देते, बारीक तारेची फ्लिपर वर धरून ठेवते. बटण दाबलं की सगळा प्रवाह जाड तारेतून जातो, लोखंडी दांडा आत खेचला जातो आणि फ्लिपर उसळतो. तो वर पोचताच एक छोटा स्विच उघडतो, प्रवाहाला दोन्ही गुंडाळ्यांतून जावं लागतं आणि तो एकदम कमी होतो. म्हणून तुम्ही बटण दाबून चेंडू थोपवून धरलात तरी कॉइल जळत नाही. या स्विचची टोकं काळी पडली की फ्लिपर मलूल होतो. स्विच उघडायचाच थांबला तर कॉइल तापून धूर येतो. फ्लिपर कमजोर झाला म्हणून नवा बोर्ड शोधणाऱ्याने आधी हा स्विच बघावा, दांड्याचं घासलेलं टोक बघावं, कॉइलमधली नायलॉनची नळी बदलावी. दुखणं बहुतेक इथेच सापडतं.

पिनबॉल प्रत्येक डावाला थोडं झिजतं, हे मान्य करूनच ते घरात आणावं. चेंडूवर ओरखडे पडले की तोच चेंडू फळीवरचं रंगकाम खरवडू लागतो, म्हणून तो वेळेवर बदलायचा. रबराच्या कड्या कडक होतात, काळी भुकटी साठते, ती पुसून फळीला मेण लावायचं. बोर्डावरच्या बॅटऱ्या गळल्या की त्यातला क्षार तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. विकत घेताना डोक्याकडची पेटी उघडायला लावा आणि बॅटरीच्या जागी हिरवट बुरशी दिसते का ते सगळ्यात आधी पाहा. वजन शंभर किलोच्या पुढे असतं, पण पाय काढता येतात, आणि साधारण ऐंशीच्या दशकापासूनच्या यंत्रांचं डोकं आडवं दुमडतं, त्यामुळे ते दारातून जातं. उभं कपाट दुमडत नाही, म्हणून टेप घेऊन दार आधी मोजा.

पिनबॉलच्या यंत्रांनी कायद्याचाही मार खाल्ला. न्यूयॉर्कमध्ये महापौर ला ग्वार्डिया यांनी पिनबॉल हा जुगार ठरवून हातोड्याने यंत्रं फोडली. १९४२ पासूनची ती बंदी उठली १९७६ साली, रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या लोकांसमोर खेळून हे कौशल्य आहे असं दाखवून दिल्यावर. पुढे व्हिडिओ गेमने पिनबॉलचं गिऱ्हाईक पळवलं. तरीही १९९२ च्या ॲडम्स फॅमिलीची २०,२७० यंत्रं विकली गेली. त्यात पेटीतून एक हात बाहेर येतो आणि चुंबकाने चेंडू उचलून आत नेतो. १९९९ साली विल्यम्स कंपनीने पिनबॉल बनवणं थांबवलं, स्टर्न कंपनीने मात्र चालू ठेवलं. आज जुन्या यंत्रांच्या रबरापासून कॉइलपर्यंत, काहींच्या आख्ख्या फळ्याही, नव्याने बनवून मिळतात.

माझं मत स्पष्ट आहे. खेळांची विविधता हवी असेल आणि हात काळे करायची हौस नसेल, तर जॅमाचं एक कपाट आणि दोन-चार बोर्ड घ्या. पण घरात एकच यंत्र मावत असेल आणि महिन्यातून एक संध्याकाळ त्याला द्यायची तयारी असेल, तर पिनबॉल घ्या. पॅकमॅन तुम्हाला कॉम्प्युटरवरही भेटेल. पेटीतून येऊन खरा चेंडू उचलणारा तो हात भेटायला यंत्रच समोर लागतं.