खुर्चीत बसलेला पंच

पूलच्या स्पर्धेत एका हॉलमध्ये आठ-दहा टेबलांवर एकाच वेळी सामने चालू असतात आणि रेफरी असतात दोन, फार तर तीन. अंतिम सामन्याला किंवा कॅमेऱ्यासमोरच्या टेबलाला स्वतंत्र रेफरी मिळतो. बाकीच्या टेबलांवर खेळाडूच रॅक लावतात, म्हणजे डावाच्या सुरुवातीला बॉल मांडतात, खेळाडूच गुण मांडतात आणि फाउल झाला तर तोही खेळाडूंनीच सांगायचा असतो. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्याही बहुतेक अशाच पार पडतात. एक जण शॉट मारत असतो तेव्हा खुर्चीत बसलेला त्याचा प्रतिस्पर्धी हाच त्या टेबलाचा पंच. दोघांचाही स्वार्थ गुंतलेला आणि निवाडा त्याच दोघांनी करायचा. बहुतेक खेळांत अशी वेळ गल्लीतल्या सामन्यांवर येते, पूलमध्ये ती जगज्जेत्यांवरही येते.

मी इकडच्या स्थानिक स्पर्धांत रेफरी म्हणून काम करतो. कोणी हात वर केला की त्या टेबलाकडे जायचे, शॉट पाहायचा, निर्णय सांगायचा आणि बाजूला व्हायचे. मधल्या वेळात फक्त पाहत राहायचे. पाहता पाहता माझे मत पक्के होत गेले की पूलमध्ये खेळाडूची खरी पारख तो शॉट मारत नसतो तेव्हा होते.

नाइन-बॉल हा व्यावसायिक पूलचा सर्वांत प्रचलित प्रकार. एक ते नऊ क्रमांकांचे बॉल हिऱ्याच्या आकारात मांडतात. प्रत्येक शॉटला पांढरा बॉल टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाच्या बॉलला आधी लागला पाहिजे, आणि नियमाने खेळत नऊ क्रमांक जो पॉकेटमध्ये घालेल त्याचा रॅक, म्हणजे तो डाव. फाउल झाला की समोरच्याला ‘बॉल इन हँड’ मिळतो, म्हणजे पांढरा बॉल उचलून टेबलावर हवा तिथे ठेवून तो खेळू शकतो. चांगल्या खेळाडूच्या हातात बॉल इन हँड देणे म्हणजे बहुतेक वेळा रॅक देणेच. आपला फाउल आपण कबूल करण्याची किंमत या खेळात एवढी मोठी आहे.

सामना सुरू होतो तो हस्तांदोलनाने. मग लॅग. दोघांनी एकाच वेळी एकेक बॉल समोरच्या कुशनवर मारून परत आणायचा, ज्याचा बॉल आपल्या बाजूच्या कुशनच्या जास्त जवळ थांबेल तो ब्रेकचा, म्हणजे पहिल्या शॉटचा, मानकरी. त्यानंतर रॅक लावण्याचे काम येते, आणि नवख्या प्रेक्षकाचे लक्ष नेमके तिथूनच उडते. खरे तर तिथे थांबून पाहावे. पुढच्या बॉलमागे कागदाइतकी फट राहिली तरी ब्रेकची सगळी ताकद वाया जाते. उलट, रॅक कसा बसला आहे हे ओळखणाऱ्याला कोणता बॉल हमखास पॉकेटमध्ये जाईल हे ब्रेकच्या आधीच कळू शकते. आता बऱ्याच ठिकाणी लाकडी त्रिकोणाऐवजी प्लास्टिकचा पातळ, भोके पाडलेला कागद वापरतात. त्यावर बॉल आपोआप घट्ट बसतात आणि वाद पुष्कळ कमी होतात. पण जिथे ब्रेक करणारा स्वतःच त्रिकोणाने रॅक लावतो, तिथे प्रतिस्पर्ध्याला तो तपासण्याचा हक्क असतो. जाणता खेळाडू उठतो, टेबलाच्या कडेला येऊन वाकतो, एकदा नीट पाहतो, मान डोलावतो आणि परत फिरतो. बॉलला हात लावत नाही, तोंड वाकडे करत नाही. फट दिसली तर ‘पुन्हा लावाल का?’ एवढेच म्हणतो. दर रॅकला उठून पाच-पाच मिनिटे तपासणी करणारेही भेटतात. त्यांना रॅकशी देणेघेणे नसते, समोरच्याची लय मोडायची असते.

अशी लय मोडण्याला पूलच्या जगात ‘शार्किंग’ म्हणतात. समोरचा नेम धरत असताना त्याच्या नजरेच्या रेषेत उभे राहणे, नेमक्या क्षणी खडू घासणे, ग्लासातला बर्फ वाजवणे, मित्राशी मोठ्याने बोलणे, ‘मस्त मारतोयस, आज काय बदललंस?’ असे गोड बोलून त्याला स्वतःच्या हाताचा विचार करायला लावणे, हे सगळे त्यात आले. आंतरराष्ट्रीय नियमावलीत खिलाडूवृत्तीला धरून नसलेल्या वर्तनाचे वेगळे कलम आहे. प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करणे, मुद्दाम वेळ काढणे, आपली पाळी नसताना जाणूनबुजून शॉट मारणे, टेबलावर खुणा करणे हे सर्व त्यात मोडते. शिक्षा इशाऱ्यापासून सामना गमावण्यापर्यंत काहीही होऊ शकते. पण ग्लास मुद्दाम वाजवला की सहज वाजला, हे कोणता रेफरी सिद्ध करणार? म्हणून नियमापेक्षा सवयीवरच भिस्त ठेवावी लागते. अनुभवी खेळाडू खुर्चीत बसला की पाय आवरून बसतो, स्टिक उभी धरतो, प्रतिस्पर्धी आपल्या दिशेने शॉट घेणार असेल तर हालचाल पूर्ण थांबवतो. हरतानाही हे पाळतो, आणि तिथेच कस लागतो. नाइन-बॉलमध्ये जिंकणाराच पुढचा ब्रेक करत असेल तर खुर्चीतला माणूस सलग तीन-चार रॅक जागचा उठतच नाही. त्याला ना बचाव करता येतो, ना क्षेत्ररक्षण लावता येते. बसून पाहणे एवढेच त्याच्या हाती असते.

या बसण्याबद्दलचा एक नियम मला फार आवडतो. सामन्याच्या निर्णायक रॅकमध्ये प्रतिस्पर्धी टेबलावर असताना खुर्चीतल्या खेळाडूने आपली दोन तुकड्यांची स्टिक पिळून सुटी केली, तर त्याने सामना सोडला असे धरले जाते. त्यासाठी आधी इशारा द्यावा लागत नाही. ‘आता काही उरले नाही’ हे तोंडाने न बोलता हातांनी सांगणे हा टेबलावरच्या माणसाचा अपमान आहे आणि त्याच्या एकाग्रतेवर घावही आहे, असे हा नियम मानतो. शेवटचा बॉल पडेपर्यंत समोरच्याच्या खेळाला मान द्यायचा, ही शिकवण इतक्या नेमकेपणाने नियमात उतरलेली दुसऱ्या कोणत्याही खेळात माझ्या पाहण्यात नाही.

बाद फेरीच्या एका सामन्यात पाहिलेला प्रसंग सांगतो. दोन्ही खेळाडू बरोबरीत होते, शेवटचा रॅक चालू होता. टेबलावर चार बॉल उरलेले. सहा क्रमांकाचा बॉल कुशनजवळ आणि पांढरा त्याच्यापासून बोटभर अंतरावर. एवढ्या जवळून सरळ पुढे मारताना स्टिकचे टोक पांढऱ्याला दुसऱ्यांदा लागण्याचा धोका असतो, आणि तसे लागले तर फाउल. अशा वेळी खुर्चीतल्याने शॉटच्या आधीच रेफरीला बोलवावे हा रिवाज आहे. शॉट झाल्यावर तक्रार केली आणि पाहणारे तिसरे कोणी नसेल, तर मारणाऱ्याचा शब्द ग्राह्य धरण्याची प्रथा आहे. इथे खुर्चीतला तरुण टॉवेलने स्टिक पुसण्यात गुंतला होता, त्याने हात वर केला नाही. मी पलीकडच्या टेबलाशी होतो आणि तिथून मला फक्त मारणाऱ्याची पाठ दिसत होती. शॉट झाला. सहा पॉकेटमध्ये गेला. पांढरा सातसाठी अगदी नामी जागी थांबला. दुहेरी स्पर्श डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळतो. स्टिकमधून बारीकशी थरथर येते आणि ती फक्त मारणाऱ्यालाच जाणवते. तो सरळ उभा राहिला, खुर्चीकडे पाहून म्हणाला, ‘फाउल आहे, दोनदा लागला,’ आणि पांढरा बॉल प्रतिस्पर्ध्याला दिला. उरलेले तीन बॉल पुढच्याने आरामात घातले. हात मिळवताना जिंकलेल्या मुलाचा चेहरा हरलेल्यापेक्षा गंभीर होता. बोर्डावर मात्र नुसता निकाल लिहिला गेला.

फाउल सांगण्याचे कर्तव्य दुसऱ्या बाजूनेही असते. नाइन-बॉलमध्ये सलग तीन फाउल झाले तर रॅक जातो. पण दुसऱ्या फाउलनंतर, पुढच्या शॉटच्या आधी, ‘तुझे दोन झाले आहेत’ असा इशारा त्याला मिळालाच पाहिजे. रेफरी नसेल तर हा इशारा प्रतिस्पर्ध्याने द्यायचा. इशारा दिला नाही तर तिसरा फाउल तिसरा म्हणून मोजला जात नाही. म्हणजे समोरच्याला सावध केल्याशिवाय त्याच्या चुकीचा पुरता फायदा घेता येत नाही. फ्लूक, म्हणजे नशिबाने पडलेला बॉल, झाल्यावर कसे वागावे हे नियम सांगत नाही. नाइन-बॉलमध्ये असा बॉल सहसा वैधच असतो. तरी फ्लूक झाला की हात किंचित उचलून समोरच्याची माफी मागायची पद्धत आहे. आणि प्रतिस्पर्ध्याचा शॉट खरोखर उत्तम असेल तर बसल्या जागी स्टिकचा बुंधा जमिनीवर हलकेच आपटून दाद द्यायची.

एवढा शिष्टाचार असलेल्या खेळाची लोकांमधली प्रतिमा मात्र पहिल्यापासून वाईट. अमेरिकेत पूलरूम म्हणजे जुगार, दारू आणि वाया गेलेली पोरे हे समीकरण इतके पक्के होते की १९५७ मधल्या ‘द म्युझिक मॅन’ या संगीतिकेत एक ठग गावात पूलचे टेबल आल्याची भीती घालूनच पालकांना घाबरवतो. १९६१ मध्ये पॉल न्यूमनचा ‘द हसलर’ आला. त्याने पूलला अफाट लोकप्रियता दिली, आणि अनोळखी माणसाला मुद्दाम वाईट खेळून दाखवायचे, पैज वाढवायची आणि मग लुटायचे, ही हसलरची प्रतिमाही कायमची चिकटवली. त्या चित्रपटाचा तांत्रिक सल्लागार होता विली मोस्कोनी. १९४१ ते १९५७ या काळात १५ वेळा जगज्जेता ठरलेला आणि १९५४ मध्ये एका प्रदर्शनी सामन्यात सलग ५२६ बॉल घालणारा हा माणूस सूट घालून खेळे आणि पूल हा सभ्य माणसांचा खेळ आहे हे पटवण्यासाठी धडपडे. पण चित्रपटातल्या मिनेसोटा फॅट्स या पात्राचे नाव स्वतःला लावून घेणारा रुडॉल्फ वाँडरोन गप्पांच्या आणि किश्शांच्या जोरावर त्याच्याइतकाच, कदाचित जास्तच, प्रसिद्ध झाला. १९७८ मध्ये दोघांचा सामना अमेरिकी दूरचित्रवाणीवर झाला. जिंकला मोस्कोनी, पण लोकांच्या लक्षात राहिला फॅट्सही.

पोशाख आणि प्रसिद्धी यांनी प्रतिमा घडते हे खरे आहे. जीनेट ली काळे कपडे घालून खेळे आणि ‘ब्लॅक विडो’ या नावाने तिने महिलांच्या पूलला घराघरांत नेले. पण टिकते ती वर्तनाने घडलेली प्रतिमा. फिलिपीन्सचा एफ्रेन रेयेस १९८५ मध्ये अमेरिकेत दुसऱ्याच्या नावाने खेळला, कारण त्याची कीर्ती त्याच्या आधी पोचली होती. सुरुवात अशी हसलरांच्या जगातली. पुढे १९९४ मध्ये तो यूएस ओपन जिंकणारा पहिला बिगर-अमेरिकी खेळाडू ठरला आणि १९९९ मध्ये कार्डिफला नाइन-बॉलचा जगज्जेता झाला. आज त्याच्याबद्दल बोलताना लोक अशक्य वाटणाऱ्या शॉटांइतकेच त्याच्या हसण्याबद्दल बोलतात. शॉट चुकला की तो डोके खाजवून हसे आणि निमूटपणे जागेवर जाऊन बसे. १९९६ मध्ये हाँगकाँगला १२० रॅकपर्यंतच्या लढतीत त्याने अर्ल स्ट्रिकलंडला १२०–११७ असे हरवले. स्ट्रिकलंड पाच वेळा यूएस ओपन जिंकलेला, अस्सल प्रतिभेचा खेळाडू. पण भर सामन्यात प्रेक्षकांवर आणि परिस्थितीवर राग काढण्याची त्याची सवय त्याच्या विजयांइतकीच चर्चेत राहिली. दोघांच्या हातांत जादू होती. जगभरच्या खेळाडूंनी आदर्श मानला तो मात्र रेयेसला.

आपल्याकडे खेळ आणि त्याची प्रतिमा यांतली ही दरी वेगळ्या रूपात दिसते. बिलियर्ड्स आणि स्नूकर जिमखान्यांत वाढले. वेस्टकोट, बो-टाय, गुण सांगणारा मार्कर, सगळे शिस्तीत. १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेता ठरलेला विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेला, पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, मायकेल फरेरा मुंबईचा. त्यांच्या खेळाला प्रतिष्ठा मिळाली. पूल मात्र तासाच्या भाड्यावर चालणाऱ्या पार्लरांत आला. तिथे ‘हरेल तो टेबलाचे पैसे भरेल’ ही पहिली रीत, आणि मुलगा पार्लरमध्ये जातो हे कळले की आई-वडिलांच्या कपाळाला पहिली आठी. आठी अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. धुराने भरलेली, शिवीगाळ आणि पैजा चालणारी पार्लरे मी पाहिली आहेत. पण वर सांगितलेला फाउल कबूल करणारा मुलगाही पार्लरमध्येच खेळ शिकलेला होता. त्याला ते कोणीतरी शिकवले असणार, कारण हे आपोआप येत नाही.

म्हणून पार्लर चालवणाऱ्यांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. नवीन मुलाला स्टिक धरायला शिकवाल त्याच दिवशी आपला फाउल आपण सांगायला शिकवा. शार्किंग म्हणजे काय आणि ते का करायचे नाही, हे मराठीत लिहून भिंतीवर लावा. आणि हौशी स्नूकरमध्ये जशी पद्धत आहे तशी, हरलेल्या खेळाडूला पुढच्या सामन्याचा रेफरी म्हणून उभे करा. स्वतः हरल्यावर लगेच दुसऱ्या दोघांना न्याय द्यायला उभे राहणे हे या खेळातले सर्वांत चांगले प्रशिक्षण आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.